डोळ्यांभोंवतालचें काळें वर्तुळ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सायंसभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या आठवड्यांत ह्याच व्यासपीठावरून आपण पुष्कळ विद्वान् वक्त्यांचीं भाषणें ऐकलीं. मंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, पहिल्या वर्षीं किती बालकांचा स्नानसंस्कार झाला, हा सर्व वृत्तांत त्यांनीं आपणांपुढें मांडला. आजची संध्याकाळ आमच्या वांट्यास आली तेव्हां चालकमंडळींची अपेक्षा अशी होती कीं, आम्हीं एखाद्या संताच्या चरित्रावर किंवा उपासनेवर बोलावें. आम्हीं विषय निवडला तो निराळाच. डोक्यास मार लागल्यावर डोळ्यांच्या खोबणींभोंवतीं जें रक्त सांकळतें, त्याविषयीं आम्ही बोलणार आहोंत. विषयाचें नांव ऐकून मागच्या बांकांवरील कांहीं तरुण हंसले, तें आमच्या ध्यानांत आलें. त्यांचा आम्हांस राग नाहीं. अशाच डोळ्यांकडे पाहून एकदां आम्हीहि हंसलों होतों; आणि तेंच सांगावयास आज येथें उभे आहोंत.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं आम्ही वैद्य नाहीं. सेमिनरींत आम्हीं तत्त्वज्ञान शिकलों, ईश्वरविज्ञान शिकलों, थोडें लॅटिन शिकलों. मनुष्याच्या कवटीला तळ असतो आणि तो फुटूं शकतो, हें आम्हांस कोणीं शिकविलें नाहीं. जें पुढें बोलणार आहोंत तें जाणत्या वैद्यांस विचारून, वाचून, आणि फार उशिरां समजून घेतलेलें आहे.

गोष्ट कांहीं वर्षांपूर्वींची. आम्ही त्या वेळीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत सेवेस होतों. तेथील एक तरुण रात्रीं मित्राच्या हळदीहून मोटारसायकलीवरून घरीं परतत होता. पावसाचे दिवस, रस्ता निसरडा. कुत्रें आडवें आलें आणि गाडी घसरली. हेल्मेट त्याजपाशीं होतें, परंतु तें कोपरांत अडकविलेलें होतें. कोपर शाबूत राहिलें. डोकें रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटलें. क्षणभर शुद्ध गेली. लोकांनीं तोंडावर पाणी मारलें. तो उठला, "कांहीं झालें नाहीं" म्हणाला, आणि आपल्या पायांनीं चालत घरीं गेला.

सकाळीं त्याच्या आईनें आम्हांस बोलावणें पाठविलें. मुलाच्या डोक्यामागें टेंगूळ होतें. तोंडावर मात्र ओरखडाहि नव्हता. डोकें दुखत होतें, एकदां वांतीहि झाली होती. आम्हीं त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. आई म्हणाली, "फादर, त्याच्या नाकातून सारखं पाणी गळतंय." आम्ही म्हणालों, "मावशी, पावसांत भिजला आहे, सर्दी झाली असेल. थकला आहे, त्याला निजूं द्या." हे आमचे शब्द. त्यांतला एकहि आम्ही विसरलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पुन्हां गेलों. त्याच्या दोन्ही डोळ्यांभोंवतीं काजळ फांसल्यासारखीं काळीं-जांभळीं वर्तुळें उमटलीं होतीं. मित्र भोंवतीं बसले होते. "गॉगल लावून झोपला आहे" अशी कोणी थट्टा केली, आणि सारे हंसले. त्यांत आम्हीहि हंसलों. त्याच्या आत्यानें मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. त्या बाईवर मात्र आम्ही रागावलों; अंधश्रद्धेविषयीं चार शब्द सुनावले. आज वाटतें, हें कांहीं तरी विपरीत आहे एवढें तरी तिनें ओळखलें होतें. आमच्या शिक्षणाला तेवढेंहि साधलें नाहीं.

चौथ्या दिवशीं त्यास सडकून ताप भरला. मान ताठली. तो बरळूं लागला. मग गाडी आली, मोठें रुग्णालय आलें, यंत्रांत घालून डोक्याचें चित्र काढण्यांत आलें. कवटीच्या तळाला तडा गेला होता आणि मेंदूच्या आवरणांत रोगजंतु शिरले होते. शस्त्रवैद्यांनीं बाहेर येऊन विचारलें, "डोळे काळे होऊन किती दिवस झाले?" आईनें उत्तर दिलें नाहीं. ती आमच्याकडे पाहूं लागली.

तो तरुण वांचला. देवाची कृपा, वैद्यांचे श्रम, आणि कित्येक आठवडे उशाशीं बसलेली ती माउली. हा वृत्तांत सांगण्यास त्यानेंच आम्हांस अनुमति दिली आहे.

आतां हें रक्त डोळ्यांपाशीं येतें कसें, तें थोडें विस्तारानें सांगतों. कारण हें एकदां समजलें म्हणजे विसरत नाहीं. कवटी म्हणजे सर्व बाजूंनीं सारखी जाड अशी घागर नव्हे. वरचा घुमट मजबूत आहे; तळ मात्र ठिकठिकाणीं कागदासारखा पातळ, आणि नसा व रक्तवाहिन्या जाण्यासाठीं जागोजाग छिद्रें असलेला आहे. ह्या तळाचा पुढचा भाग हेंच दोन्ही डोळ्यांच्या खोबणींचें छत. आपल्या जुन्या कौलारू घरांत माळ्याची तक्तपोशी हीच खालच्या खोलीचें छत असते, तसें. माळ्यावर घागर कलंडली तर पाणी फळ्यांच्या फटींतून खालीं झिरपतें आणि कांहीं वेळानें खोलीच्या भिंतीवर ओल दिसूं लागते. त्याचप्रमाणें तळाला तडा गेला म्हणजे रक्त खोबणींतील मऊ भागांत उतरतें आणि पापण्यांच्या कातडीखालीं येऊन थांबतें. पापणीची कातडी साऱ्या शरीरांत अतिशय पातळ. म्हणून रक्ताचा रंग तेथें लगेच दिसतो. शिवाय खोबणीच्या कडेस एक पातळ पडदा हाडाला चिकटलेला असतो. तो त्या रक्तास गालावर पसरूं देत नाहीं. म्हणून तें वर्तुळ चित्रकारानें रेखावें तसें कांठाशीं संपतें.

आणि झिरपण्यास वेळ लागतो. हीच खरी फसगत आहे. ठोसा डोळ्यावर बसला तर डोळा तेव्हांच सुजतो, दुखतो, बहुधा एकच डोळा, आणि काळेपणा गालापर्यंत उतरतो. परंतु कवटीच्या तळाचें रक्त कांहीं तासांनीं, कित्येकदां दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं दिसूं लागतें. तोंवर घरच्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकलेला असतो. मार लागला डोक्याच्या मागें, काळे झाले डोळे. मध्यें एक-दोन दिवस गेले. ह्या दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानांत यावा? इंग्रजी वैद्यकांत ह्या लक्षणास "रॅकून आईज" म्हणतात. रॅकून हा उत्तर अमेरिकेंतील एक प्राणी. त्याच्या डोळ्यांभोंवतीं जन्मतःच काळा पट्टा असतो. आपल्या रानांत तो नाहीं, त्यामुळें नांव आपणांस परकें वाटतें. लक्षण मात्र परकें नाहीं.

दोन्ही खोबणींच्या मध्यें, नाकाच्या माथ्यावर, हाडाची एक लहानशी चाळणी आहे. खरोखरच चाळणी, वैद्यहि तिला त्याच अर्थाच्या नांवानें ओळखतात. तिच्या बारीक छिद्रांतून वास जाणणारे तंतु नाकांतून मेंदूकडे जातात. आणि मेंदूभोंवतीं स्वच्छ पाण्यासारखा एक द्रव सदैव खेळत असतो. एका वेळीं सुमारें १५० मिलिलिटर, आणि दिवसाकांठीं सुमारें ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. ही चाळणी तडकली म्हणजे तो द्रव नाकावाटे गळूं लागतो. त्या माउलीनें आम्हांस दाखविलें तें पाणी तेंच होतें. ज्या वाटेनें पाणी खालीं येतें त्याच वाटेनें नाकांतील जंतु वर जातात. तापाचें आणि ताठलेल्या मानेचें मूळ तेथें.

तो तरुण आज आपल्या गांवीं वेदीसेवकांचा प्रमुख आहे. धूपपात्रांत निखारे तोच घालतो. धूर त्याला दिसतो. वास येत नाहीं. ते तंतु तुटले ते तुटलेच. घरांत बोंबील करपले तरी त्याला कळत नाहीं, आणि त्याहून वाईट म्हणजे गॅस गळला तरी कळत नाहीं. म्हणून तो घरीं एकटा असला कीं आई शेजारणीस सांगून जाते.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे, नाहीं तर उद्यां सकाळपासून आमच्या दारीं घाबरलेल्या आया रांग लावतील. डोळे काळे झाले म्हणजे कवटी फुटलीच असें नाहीं. कपाळावर मार बसला तर तेथील कातडीखालचें रक्त आपल्या भारानें एक-दोन दिवसांत पापण्यांत उतरतें. नाकाचें हाड मोडलें तरीहि दोन्ही डोळे काळे होतात. परंतु ह्यांतलें कोणतें, हें डोळ्यांनीं पाहून ठरविणें आमचें काम नाहीं, आणि आपलेंहि नाहीं. लहान मुलाचे डोळे मार न लागतां असे काळे झाले तर तेंहि दुसऱ्या एखाद्या गंभीर आजाराचें चिन्ह असूं शकतें; त्यालाहि वैद्याकडे न्यावें. आणि एकाच डोळ्याभोंवतीं काळें घेऊन एखादी भगिनी मिस्सेस येते, विचारलें तर "दारावर आपटलें" म्हणते, आणि दोन महिन्यांनीं पुन्हां दार आपटतें, त्या दाराविषयीं आम्हीं कोणाशीं बोललें पाहिजे हें आम्हांस ठाऊक आहे. तिनेंहि आधीं वैद्याकडे जावें.

ही विद्या फार जुनी आहे. ईजिप्तमधील एक वैद्यकीय पपायरस, ज्यास त्याच्या खरेदीदारावरून एड्विन स्मिथ पपायरस म्हणतात, तो इ. स. पूर्वीं सुमारें १६०० मध्यें लिहिला गेला. त्यांत ४८ जखमी माणसांचीं वर्णनें आहेत, आणि पहिलीं २७ डोक्याच्या व चेहऱ्याच्या जखमांचीं. दोन्ही नाकपुड्यांतून व कानांतून रक्त येणें, मान ताठणें, हें त्या प्राचीन लेखकानें टिपून ठेविलें आहे. प्रत्येक जखमेखालीं तो आपला निर्णय देतो: ह्यावर मी उपचार करीन, ह्याशीं मी झुंजेन, किंवा ह्यावर उपचार होणें नाहीं. मोशेच्या आधींचा हा मनुष्य, आणि जखम पाहून तो हंसला नाहीं.

पुढें लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांतील शस्त्रवैद्य विल्यम हेन्री बॅटल (१८५५–१९३६) ह्यांनीं कानामागें उमटणाऱ्या काळ्या डागाकडे लक्ष वेधलें; तो डागहि कवटीच्या तळाच्या भंगाचेंच चिन्ह, आणि तोहि उशिरांच उमटतो. साध्या क्ष-किरण चित्रांत तळाची चीर पुष्कळदां दिसत नसे, त्यामुळें वैद्यांना बाहेरच्या ह्या चिन्हांवरच भिस्त ठेवावी लागे. आतां सी.टी. स्कॅन आहे. त्या यंत्रानें पहिल्या रुग्णाच्या डोक्याचें चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनजवळ विंबल्डन येथें घेतलें गेलें. तें गॉडफ्री हाउन्सफील्ड ह्यांनीं बनविलें. गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्या ई.एम.आय. कंपनीच्या पदरीं ते अभियंते होते, आणि १९७९ चें नोबेल पारितोषिक त्यांस अ‍ॅलन कॉर्मॅक ह्यांच्याबरोबर विभागून मिळालें. म्हणजे आमच्या त्या तरुणाच्या वेळीं विद्या होती, यंत्र होतें, रस्ता होता. नव्हतें तें फक्त आमचें ओळखणें.

तेव्हां ओळखावें कसें? डोक्यास मार लागल्यावर दोन्ही डोळ्यांभोंवतीं किंवा कानामागें काळेंनिळें दिसलें, नाकांतून वा कानांतून रक्त किंवा पातळ पाणी आलें, डोळ्याच्या पांढऱ्या भागांत रक्त पसरून त्याची मागची कड दिसेनाशी झाली, ऐकूं किंवा दिसूं कमी लागलें, वास येईनासा झाला, तर घरीं क्षणभरहि थांबूं नये. पुन्हां पुन्हां वांत्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तता, बोलण्यांत गोंधळ, हीं तर त्याहून निकडीचीं. मार लागल्यावर मनुष्य शुद्धीवर येऊन नीट बोलतो आणि मग कांहीं तासांनीं पुन्हां ग्लानींत जातो, असेंहि घडतें; आंत रक्त सांचत असतें. "बोलत होता कीं!" हें वाक्य आम्हीं स्मशानभूमींत पुष्कळदां ऐकलें आहे. निजल्यानें इजा वाढते असें नाहीं. पण निजलेला मनुष्य हांक मारून नीट जागा होत नसेल तर ती निद्रा नव्हे. आणि ज्या वडीलधाऱ्यांना रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या डोक्यास लागलेला लहान मारहि लहान समजूं नये.

काय करूं नये, हें अधिक महत्त्वाचें. नाकांत वा कानांत कापूस कोंबूं नये. पाणी आंत अडलें तर जंतु वाढतात. रुग्णानें नाक शिंकरूं नये. नाकांत तेल, तूप, थेंब कांहीं घालूं नये. रुग्णालयांतील जाणते लोकहि अशा रुग्णाच्या नाकावाटे नळी घालीत नाहींत, कारण तडकलेल्या चाळणींतून ती नळी मेंदूंत गेल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. मग आपण काय म्हणून बोटें घालावीं? वैद्यास न विचारतां वेदनाशामक गोळी देऊं नये; कित्येक गोळ्यांनीं रक्तस्राव वाढतो. पडलेल्यास बसवून, उठवून, मान हलवून पाहूं नये, कारण डोक्याबरोबर मानेचा कणाहि दुखावलेला असूं शकतो. शुद्ध नसेल आणि वांती होत असेल तर डोकें, मान व धड एका रेषेंत ठेवून दोघातिघांनीं त्यास कुशीवर वळवावें. १०८ ला दूरध्वनि करावा, आणि जेथें सी.टी. स्कॅनची सोय आहे अशाच ठिकाणीं न्यावें. चार ठिकाणीं हिंडण्यांत वेळ जातो.

आम्ही धर्मगुरु, तेव्हां यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या त्या वाटेचें स्मरण आम्हांस होणारच. तीं वचनें आपणांस मुखोद्गत आहेत. पुन्हां वाचीत नाहीं. त्या कथेंत जखमीस पाहून पहिल्यानें पुढें निघून गेला तो याजक होता, ही गोष्ट आम्हां झगेवाल्यांना दर वेळीं टोंचते. पण आमचा अपराध त्याहून निराळा. आम्ही निघून गेलों नाहीं. आम्ही थांबलों, जवळ बसलों, आशीर्वाद दिला, आणि ओळखलें नाहीं. शोमरोन्यानें त्या मनुष्यास आपल्या जनावरावर घालून उतारशाळेंत नेलें. नुसती विचारपूस केली नाहीं.

आजच्या रस्त्यावर जखमीस उचलण्यास लोक कचरतात, पोलिसांच्या चौकशीच्या भीतीनें. ती भीति आतां निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं अशा मदतनीसांच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें मोटर वाहन कायद्यांत कलम १३४-अ घातलें गेलें. सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर त्या जखमीच्या इजेबद्दल खटला होत नाहीं. आपलें नांव सांगण्याची सक्ति त्याच्यावर करतां येत नाहीं. महामार्ग आपल्यापासून दूर नाहीं. हें कलम पाठ करून ठेवा.

राहतां राहिलें तें हेल्मेट. १३ मे १९३५ रोजीं इंग्लंडांत टी. ई. लॉरेन्स हे नामांकित गृहस्थ दोन सायकलस्वार मुलांस चुकवितांना मोटारसायकलीवरून फेंकले गेले. डोकें उघडें होतें. सहा दिवस बेशुद्ध राहून ते १९ मे रोजीं वारले. त्यांना तपासणाऱ्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्या मृत्यूनें त्यांच्या मनास लागून राहिलें. त्यांनीं मोटारसायकलस्वारांच्या डोक्यांच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ मध्यें तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यानें आपल्या निरोप्या स्वारांस शिरस्त्राण सक्तीचें केलें. सर्व नागरिकांस तेथें ती सक्ति १९७३ मध्यें झाली. आपल्याकडे १९८८ च्या कायद्याचें कलम १२९ हेंच सांगतें, आणि मागें बसणाऱ्यासहि तें लागू आहे. चार वर्षांवरील मुलांसहि. आमच्या भगिनी सणाच्या दिवशीं लुगडें नेसून, वेणी माळून, स्कूटरवर एका बाजूस पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन मिस्सेस येतात. वेणी चुरगळेल म्हणून डोकें उघडें. आम्हांस त्या फुलांचें कौतुक आहे. दरवाज्यापर्यंत तीं पिशवींत आणलीं तरी सुकत नाहींत.

आणि पुरुषमंडळींनीं सांगितलें कीं मंदिरांत हेल्मेट ठेवावयास जागा नाहीं, बाहेर गाडीवर ठेवलें तर चोरीस जातें. तक्रार खरी आहे. म्हणून महोत्सवाच्या वर्गणींतून उरलेल्या पैशांतून मंडपाच्या उजव्या भिंतीस लांकडी फळ्या ठोकविल्या आहेत; खण क्रमवार आहेत, आणि मिस्सा चालू असतां तेथें एक स्वयंसेवक उभा राहील. येत्या रविवारच्या पहिल्या मिस्सेपासून त्या खुल्या आहेत. पहिल्या खणांत आमचें स्वतःचें हेल्मेट असेल.